वाचक विचारतात: चीनच्या सरकारी कारखान्यांचं आणि त्यातल्या माणसांचं काय झालं?

मागच्या महिन्यात या सदरात चीनमधल्या सरकारी कंपन्यांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यात एवढंच होतं की १९९० च्या दशकात तिथल्या सरकारनं हजारो छोटे कारखाने विकले किंवा बंद केले, मोठे स्वतःकडे ठेवले, आणि आज तेच मोठे जगातल्या बड्या कंपन्यांच्या यादीत बसलेत. मला वाटलं फार तर दोन-तीन जण लिहितील, पण पत्रांचा आणि मेसेजचा ढीग आला, आणि त्यातले निम्म्याहून जास्त भोसरी, निगडी, खडकी, देहूरोड या पट्ट्यातले, म्हणजे ज्या घरांत कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे त्या घरांतले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सात पत्रं निवडलीयत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

कोथरूडहून एक निवृत्त बँक अधिकारी: ताई, चीनमध्ये तसंही सगळं सरकारचंच. मग सरकारी कंपनीत सुधारणा केली म्हणजे नक्की काय केलं? मालक तर तोच राहिला ना?

काका, मालक तोच राहिला हे खरंय, पण मालकीची तऱ्हा बदलली आणि सगळी गंमत त्यातच आहे. १९७८ च्या आधी तिथला कारखाना आपण म्हणतो तशी कंपनी नव्हताच, तो सरकारी खात्याचा एक विभाग होता. माल किती काढायचा, कच्चा माल कुठून उचलायचा, तयार माल कुणाला द्यायचा, भाव काय, माणसं किती, सगळं वरून ठरून यायचं. नफा झाला तर सरकारजमा, तोटा झाला तर तोही सरकार भरणार, मग मॅनेजरनं डोकं कशाला लावायचं? आणि तो नुसता कारखानाही नव्हता. त्याला दानवेई म्हणायचे, त्यात क्वार्टर, दवाखाना, पाळणाघर, शाळा, पेन्शन, इतकंच काय लग्न करायचं तर त्याचं पत्रसुद्धा दानवेईकडून आणायला लागायचं. एकदा आत चिकटलात की मरेपर्यंतची सोय. त्या नोकरीला लोक लोखंडी वाडगा म्हणायचे, भाताचा वाडगा, पडला तरी न फुटणारा.

माओनंतरचे नेते डेंग श्याओपिंग यांच्या काळात, १९७८ च्या अखेरीला वारं फिरलं. त्याच वर्षी सिचुआन प्रांतात सहा कारखान्यांना नफ्यातला थोडा भाग स्वतःकडे ठेवायची मुभा दिली होती, सुरुवात एवढीशी. मग १९८४ मध्ये शहरांतल्या उद्योगांसाठी मोठा निर्णय झाला आणि एकाच मालाला दोन भाव सुरू झाले, म्हणजे कोट्यातलं पोलाद सरकारी भावानं द्यायचं आणि कोटा पुरा करून वर जे उरेल ते बाजारभावानं विकायचं. यानं कारखाने हलले हे नक्की, पण ज्यांच्या हातात परमिट होती त्यांनी सरकारी भावात उचलून बाजारात विकून पैसा केला आणि लोकांचा संताप त्यावरच जास्त होता. (आपल्याकडे परमिटच्या जमान्यात सिमेंट आणि स्कूटरचं काय चालायचं ते तुमच्या पिढीला मी काय सांगणार.) १९८६ मध्ये शेनयांग शहरातला एक छोटा कारखाना अधिकृतपणे दिवाळखोर जाहीर झाला, कम्युनिस्ट चीनमध्ये पहिल्यांदाच, तोवर सरकारी कारखाना बुडू शकतो ही कल्पनाच नव्हती. १९९३ मध्ये कंपनी कायदा पास झाला, १९९४ पासून लागू झाला, आणि तिथून पुढं कारखाना म्हणजे स्वतःचा ताळेबंद, स्वतःचं संचालक मंडळ, स्वतःचे शेअर असलेली वेगळी कंपनी. सरकार शेअरहोल्डर झालं. शांघायचा शेअर बाजार १९९० मध्येच उघडलेला होता.

तर काका, मालक तोच, पण 'खात्याचा विभाग' जाऊन 'बुडू शकणारी कंपनी' आली. तुम्ही बँकेत होता, या दोन्हींना लोन देण्यात काय फरक असतो ते तुम्हाला चांगलंच ठाऊक असेल.

भोसरी एमआयडीसीतून एक लघुउद्योजक: मी जॉबवर्क करतो, आठ मशीन आहेत. 'मोठं धरा, लहान सोडा' हे तुम्ही लिहिलंत ते वाचून लहान माणूस म्हणून जरा खटकलं. लहानांना सोडलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं का?

काही ठिकाणी हो, पण सगळीकडे नाही, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल पण चिनी उद्योगातली आजची बरीच ताकद या सोडलेल्यांतूनच आलीय.

धोरण १९९५ च्या आसपास ठरलं आणि १९९७ च्या पक्ष अधिवेशनात त्यावर शिक्का बसला. चिनी भाषेत झुआ दा, फांग श्याओ. पण त्याआधीच शांदोंग प्रांतात झुचेंग नावाच्या शहरानं हे करून टाकलं होतं. तिथल्या चेन ग्वांग नावाच्या अधिकाऱ्यानं हिशोब तपासले तर शहराच्या मालकीचे बहुतेक कारखाने तोट्यात निघाले, आणि १९९२ पासून दोन-एक वर्षांत त्यानं ते जवळजवळ सगळेच विकले, बरेचसे तिथल्याच कामगारांना शेअर देऊन. लोकांनी त्याचं नाव 'सगळं विकून टाकणारा चेन' असं पाडलं. मोठी टीका झाली, पुढे तीच पद्धत बाकीच्यांनी उचलली.

वाईट बाजू अशी की बऱ्याच ठिकाणी कारखाना मॅनेजरनंच घेतला. आधी तोटा फुगवून दाखवायचा, मग मालमत्तेची किंमत कमी लावून घ्यायची, आणि मग स्वतःच गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं. २००४ मध्ये यावरून चीनमध्ये उघड वाद पेटला, हाँगकाँगच्या एका प्राध्यापकानं मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेऊन हिशोब मांडला, आणि दुसऱ्याच वर्षी मोठ्या सरकारी कंपन्या मॅनेजमेंटला विकण्यावर सरकारला बंदी आणावी लागली.

आणि मोठं धरलं म्हणून मोठं टिकलं असंही समजू नका. तुम्ही मशीनवाले आहात म्हणून हे मुद्दाम सांगते. शेनयांग मशीन टूल ही तिथली जुनी सरकारी कंपनी, लेथ आणि मिलिंग मशीन बनवणारी. २०११ मध्ये विक्रीच्या आकड्यावर जगातली सगळ्यात मोठी मशीन टूल कंपनी होती ती, त्याआधी जर्मनीतली एक जुनी नामांकित कंपनीसुद्धा विकत घेतली होती. आणि २०१९ मध्ये तिचीच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, शेवटी केंद्र सरकारच्या दुसऱ्या एका कंपनीच्या पदरात टाकली. विक्री वाढवत नेली कर्जावर, नफा कधी नीट उभाच राहिला नाही, आणि पाठीशी सरकार आहे म्हणून बँका देत राहिल्या. तुम्हाला आठ मशीनवर बँक जेवढी कागदपत्रं मागते तेवढी त्यांना कुणी मागितली असती तर कदाचित वेळेवर थांबले असते.

निगडीहून एक वाचक: माझ्या बाबांनी २००० साली व्हीआरएस घेतली, घ्यायला लावली म्हणा. साडेतीन लाख मिळाले, त्यात पिठाची गिरणी टाकली, ती चार वर्षांत बंद पडली. आमच्या घरात रिफॉर्म हा शब्द कुणी चांगल्या अर्थानं उच्चारत नाही. तुमच्या लेखात कारखाने बंद केले हे एका ओळीत संपलं. त्या कामगारांचं काय झालं ते लिहा.

तुमचं म्हणणं मान्य आहे, ती ओळ तशी संपायला नको होती. म्हणून इथं जागा जास्त घेते.

चिनी भाषेत शब्द आहे शियागांग. शब्दशः अर्थ, कामाच्या जागेवरून खाली उतरणं. काढून टाकलं असं म्हणायचं नाही, नाव कारखान्याच्या पटावर तसंच, फक्त काम नाही आणि पगार नाही. अशा माणसाचं नाव एका पुनर्रोजगार केंद्रात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवायचं आणि दर महिन्याला जगण्यापुरता भत्ता द्यायचा, त्यातला एक तृतीयांश कंपनीनं, एक तृतीयांश सरकारनं आणि उरलेला बेकारी विम्याच्या फंडातून, अशी वाटणी ठरली होती. कागदावर नीट वाटतं. पण जी कंपनी पगार देऊ शकत नाही म्हणून माणसं घरी बसवतेय ती तिचा तिसरा हिस्सा कुठून आणणार? कित्येक गावांत भत्ता महिनोन्महिने आलाच नाही, पेन्शनही थकलं. दुसरा रस्ता म्हणजे एकरकमी पैसे घ्या आणि संबंध संपवा, त्याला ते नोकरीची वर्षं विकत घेणं म्हणायचे. वर्षाला अमुक इतके, गुणिले झालेली नोकरी. तुमच्या बाबांच्या चेकवर जो हिशोब होता साधारण तोच.

आकडा ऐका. १९९८ ते २००३ या सहा वर्षांत सरकारी कंपन्यांतून शियागांग झालेली माणसं चीन सरकारच्याच आकडेवारीनुसार सुमारे २ कोटी ८० लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती, म्हणजे असे तीन पुणे जिल्हे, त्यात पोरं-म्हातारी धरायची नाहीत, सगळे कमावते हात.

आणि ही कुठली माणसं होती बघा. १९६६ ला माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा हे शाळेत होते, शाळा बंद पडल्या. मग शहरातली पोरं खेड्यात पाठवली, शेतात. दहा वर्षांनी परत आले, कारखान्यात चिकटले, लग्न केलं तर एकच मूल हा नियम आला, आणि चाळिशी गाठली तोवर शियागांग. तिथं सरकारी कागदात एक शब्दच तयार झाला, चाळीस-पन्नासवाले, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बायका आणि पन्नाशी ओलांडलेले पुरुष, ज्यांना पुन्हा कोणी कामावर घेत नाही. बायकांना आधी काढलं गेलं हे तर त्या शब्दातल्या वयावरूनच कळतं.

मी २००६ मध्ये कंपनीच्या खरेदीच्या कामासाठी शेनयांगला गेले होते. तिथं त्येशी नावाचा भाग आहे, एकेकाळी ईशान्य चीनमधला अवजड उद्योगांचा सगळ्यात मोठा पट्टा, मी गेले तेव्हा निम्मे कारखाने पाडून झाले होते आणि तिथं बिल्डिंगा उठत होत्या. दुपारी आमच्या दुभाष्या मुलीनं एका टपरीवर नेलं, मोमोसारखे उकडलेले पदार्थ मिळायचे. एक जोडपं चालवत होतं, पन्नाशीचं असेल. थंडी इतकी की भांड्यातल्या वाफेत माणूस दिसेना. मी बसून होते आणि नजर गेली शेगडीच्या स्टँडवर. पाइप कापून केलेला, आणि त्यावरची वेल्डिंगची बीड अशी एकसारखी की मी आमच्या शॉपमध्ये फार थोड्या लोकांच्या हातची तशी पाहिलीय. सांध्यावर फाइल मारायची गरजच पडली नव्हती. मी दुभाष्या मुलीला विचारायला लावलं की हे कुणी केलं. त्या माणसानं स्वतःकडे बोट केलं आणि रस्त्यापलीकडे पत्र्याचं कुंपण होतं तिकडे हात केला, तिथं त्याचा कारखाना होता. बॉयलर बनवायचे. तेवीस वर्षं. बायको तिथंच तपासणी विभागात होती. ती मान वर न करता पारी लाटत होती आणि सगळ्या पाऱ्या एका मापाच्या.

तो हात शेगडीच्या स्टँडवर वाया गेला हे मला आजही सहन होत नाही.

हे सगळं मुकाट्यानं झालं असंही नाही. मार्च २००२ मध्ये दाचिंगच्या तेलक्षेत्रात आणि ल्याओयांग शहरात हजारो कामगार रस्त्यावर आले होते, थकलेलं देणं आणि मॅनेजरांचा भ्रष्टाचार यावरून. ल्याओयांगच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं.

मग लोक तगले कसे? माझ्या मते दोन गोष्टींनी. १९९८ मध्ये क्वार्टर वाटणं बंद केलं पण राहत्या लोकांना तेच घर अगदी कमी किमतीत विकत दिलं, त्यामुळे नोकरी गेली तरी डोक्यावरचं छप्पर स्वतःचं झालं, आणि पुढं घरांच्या किमती वाढल्या. दुसरं, १९९९ पासून शहरांत किमान निर्वाह भत्त्याची योजना देशभर लागू केली, फार थोडे पैसे पण दर महिन्याला. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि लाखो नोकऱ्या आल्या हे सगळे सांगतात, पण त्या नोकऱ्या पार दक्षिणेला ग्वांगदोंग प्रांतात होत्या, खेड्यातून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींसाठी. शेनयांगच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या टर्नरला तिथं कोण उभं करणार होतं? एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याला लागली, आणि देशाच्या हिशोबात बेरीज बरोबर आली.

एक गोष्ट राहून राहून सांगावीशी वाटते. गिरणी बुडाली यात बाबांची चूक होती असं घरात कुणी म्हणत असेल तर म्हणू देऊ नका. पंचवीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात एकदम रक्कम देऊन आता तू धंदा कर म्हणणं ही मुळातली चूक होती, आणि ती त्यांची नव्हती.

हिंजवडीहून एक इंजिनिअर: ऑफिसात वाद झाला. एक जण म्हणतो प्रत्येक चिनी कंपनी सरकारीच. आपल्या आसपास ज्या आहेत त्यांचं सांगा.

तसं नाही. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, फ्रीज, टीव्ही. हायर ही मूळ चिंगदाव शहरातली सामूहिक मालकीची, म्हणजे धड सरकारी नाही धड खासगी नाही अशी, १९८४ मध्ये बुडायला टेकलेली फॅक्टरी. झांग रुईमिन नावाचा माणूस तिथं मॅनेजर म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी दोष सापडलेले ७६ फ्रीज त्यानं कामगारांच्याच हातात घण देऊन फोडायला लावले, एक फ्रीज म्हणजे कामगाराचा दोन वर्षांचा पगार अशा काळात. २०१६ मध्ये याच कंपनीनं अमेरिकेतल्या जीईचा घरगुती उपकरणांचा धंदा विकत घेतला. चाकणची सॅनी, क्रेन आणि खोदाईची मशीन बनवणारी, ती खासगी. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायला आलेली ग्रेट वॉल मोटरसुद्धा खासगीच, २०२० मध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागायला लागली, तो व्यवहार अडकला, आणि शेवटी कारखाना ह्युंदाईनं घेतला.

याउलट रस्त्यावर एमजीच्या गाड्या दिसतात त्यामागे सैक ही कंपनी आहे, ती शांघाय महापालिकेच्या मालकीची, आता भारतात जेएसडब्ल्यू भागीदार आहे. आणि नागपूर मेट्रोचे डबे बनवणारी सीआरआरसी ही थेट केंद्र सरकारची, २०१५ मध्ये दोन सरकारी रेल्वे कंपन्या एकत्र करून बनवलेली. म्हणजे तिथं सरकारी म्हटलं तरी केंद्र, प्रांत, शहर असे मालक वेगवेगळे आणि ते एकमेकांशी स्पर्धाही करतात. केंद्राच्या कंपन्या बघायला २००३ मध्ये सासॅक नावाचा आयोग केला, तेव्हा त्याच्याकडे १९६ कंपन्या होत्या, एकत्र करत करत आता शंभरच्या आसपास आल्यात.

पण तुमच्या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. खासगी कंपनीतसुद्धा पक्षाची शाखा असते, आणि सरकारच्या मनात आलं की खासगी मालकाला गप्प बसायला लागतं हे २०२० नंतर सगळ्यांनी पाहिलं. ऑफिसातला वाद मिटेल असं वाटत नाही.

सहकारनगरहून सीए करणारा एक विद्यार्थी: एवढे कारखाने बुडाले तर बँका कशा नाही बुडाल्या?

बुडालेल्याच होत्या, फक्त जाहीर केलं नाही. सरकारी बँकांनी सरकारी कारखान्यांना दिलेली कर्जं परत येणार नव्हती. १९९९ मध्ये सरकारनं चार कंपन्या काढल्या, चारही मोठ्या बँकांना एकेक, आणि त्यांनी बँकांकडून १.४ लाख कोटी युआनची बुडीत कर्जं उचलली, तीही पुस्तकी किमतीला. बाजारात त्याला निम्मीसुद्धा किंमत आली नसती. मग २००३ च्या अखेरीला परकीय गंगाजळीतून ४,५०० कोटी डॉलर काढून दोन बँकांत भांडवल म्हणून टाकले, आणि २००५ पासून या बँका शेअर बाजारात आणल्या. त्यातल्या आयसीबीसी या बँकेचा २००६ चा आयपीओ तोवरचा जगातला सगळ्यात मोठा होता.

आता यातली मेख बघ. त्या चार कंपन्या दहा वर्षांत काम संपवून बंद होणार होत्या. झाल्या नाहीत. त्यातली ह्वारोंग स्वतःच कर्ज काढून भलतेच धंदे करायला लागली, तिच्या अध्यक्षाला लाचखोरीत जानेवारी २०२१ मध्ये फाशीची शिक्षा देण्यात आली, आणि त्याच वर्षी ह्वारोंगलाच सरकारी पैशानं वाचवावं लागलं. परीक्षेत तुला आपला २०१६ चा दिवाळखोरी कायदा येईलच, त्याबरोबर हे उदाहरण डोक्यात ठेव, कारण बुडीत कर्ज एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात नेलं की पहिलं पुस्तक स्वच्छ दिसतं, कर्ज कुठं जात नाही.

अजून एक, हे फार कुणी सांगत नाही. १९९४ ते २००७ या काळात तिथल्या सरकारी कंपन्यांनी मालकाला, म्हणजे सरकारला, डिव्हिडंडच दिला नाही. सगळा नफा कंपनीतच. ज्या काळात कामगारांना भत्ता द्यायला पैसे नव्हते त्याच काळात तेल आणि टेलिफोनच्या कंपन्यांकडे पैसा साठत होता. मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

सदाशिव पेठेतून एक एमपीएससीवाली: तिकडची मुलं पण सरकारी नोकरीच्या मागे असतात का, की स्टार्टअप वगैरे?

असतात ग, आणि तुझ्यासारखीच. नव्वदच्या दशकात तिकडे सरकारी नोकरी सोडून धंदा करण्याला 'समुद्रात उडी मारणं' म्हणायचे आणि त्याचं कौतुक व्हायचं. आता उलटं झालंय. एव्हरग्रांडसारखे बिल्डर २०२१ मध्ये बुडाले, घरांचा बाजार बसला, टेक कंपन्यांनी माणसं कमी केली, जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि नंतर काही महिने सरकारनं तो आकडाच द्यायचं थांबवलं, मग मोजायची पद्धत बदलून पुन्हा सुरू केलं. २०२४ च्या केंद्रीय परीक्षेला साधारण ३९,६०० जागांसाठी ३० लाखांहून जास्त उमेदवार पात्र ठरले होते. ज्या पोरांचे आईबाप शियागांग झाले तीच पिढी आता पोरांना सांगतेय की लोखंडी वाडगाच बरा. तुझ्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींना हे समजायला वेळ लागणार नाही.

खासगी उद्योगांचा धीर सुटू नये म्हणून मे २०२५ पासून तिथं त्यांच्यासाठी वेगळा कायदा लागू झालाय. त्याचा उपयोग किती होतो ते कर्ज कुणाला मिळतं यावरून कळेल.

खडकीहून एक गृहिणी: माझे मिस्टर ॲम्युनिशन फॅक्टरीत आहेत. २०२१ पासून आमची कंपनी झालीय. तुमचा लेख वाचल्यापासून झोप नाही. आमचंही चीनसारखंच होणार का?

वहिनी, असंच होईल असं मी म्हणत नाही, पण प्रश्न विचारायची वेळ हीच आहे म्हणून नीट लिहिते.

१ ऑक्टोबर २०२१ ला देशभरातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले, खडकी आणि देहूरोडचे कारखाने म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेले, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे. खात्याचा विभाग जाऊन कंपनी आली, म्हणजे वर कोथरूडच्या काकांना जे सांगितलं तीच पायरी. चीनमध्ये या पायरीनंतर चारच वर्षांत माणसं घरी बसली हे खरं. पण तिथं तेव्हा कारखान्यांकडे कामच नव्हतं, आणि कामगाराला विचारणारी युनियनही त्याची स्वतःची नव्हती. इथं तुमच्या मिस्टरांना कंपनीकडे प्रतिनियुक्तीवर धरलंय, सुरुवातीला दोन वर्षांसाठी, पुढं मुदत वाढत गेली, आणि तोवर नोकरीच्या अटी केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्याच राहतात. खरा मुद्दा येईल तो ही मुदत संपून कंपनीत कायमचे व्हा असं पत्र हातात येईल तेव्हा.

त्या पत्राची वाट न बघता तीन कामं करून ठेवा. सर्व्हिस बुकाची सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या, रजेच्या नोंदींसकट, कारण चीनमध्ये कित्येकांचं पेन्शन नोकरीची वर्षं सिद्ध न झाल्यामुळे अडकलं होतं. पीएफ किंवा एनपीएसमधल्या नॉमिनेशनवर तुमचं नाव बरोबर स्पेलिंगनं आहे का ते बघा, खात्यातली कपात दर महिन्याला जमा होतेय का तेही. आणि क्वार्टरमध्ये राहत असाल तर कंपनीत कायम झाल्यावर क्वार्टरचं काय, भाडं कोण ठरवणार, रिटायर झाल्यावर किती महिने राहता येईल, हे युनियनमार्फत लेखी विचारा आणि लेखीच उत्तर मागा. तोंडी काही ऐकू नका. उत्तर आलं की मला त्याची एक झेरॉक्स पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.